जपानच्या पाणी ट्रेनिंगचा रिव्ह्यू, एका रिटायर ओव्हरसियरकडून

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते पुढं जातील. पाचपैकी साडेतीन. ट्रेनिंगला पाच, जेवणाला तीन, कागदपत्रांना दीड, आणि परत आल्यावर त्या शिक्षणाचं इथं जे झालं त्याला दोन, तेही दया करून. सरासरी साडेतीन येत नाही हे मला कळतंय, गणित तपासू नका, शिकवणाऱ्यांकडं बघून वाढवून दिलेत.

मी नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला होतो. आधी ओव्हरसियर म्हणायचे, नंतर कनिष्ठ अभियंता म्हणायला लागले, पगार सोडला तर फरक काय नाय, रात्री अकराला फोन यायचा तो यायचाच. कुठली नगरपालिका ते विचारू नका, जिल्ह्यातलीच आहे. आता जुळे सोलापुरात घर केलंय आणि सोसायटीच्या ग्रुपवर नगरसेवकांच्या परदेश दौऱ्यावरून भांडण चाललं होतं तेव्हा एकानं मला टोमणा मारला, काका तुम्ही पण गेलता की जपानला, काय उपयोग झाला बे त्याचा. ग्रुपवर एवढं टाइप करणं शक्य नव्हतं म्हणून इथं सविस्तर लिहितो.

तर सर्व्हिस काय आहे ते आधी. जायका म्हणून जपान सरकारची मदत संस्था आहे, आपल्याकडं मेट्रो आणि बुलेट ट्रेनच्या कर्जामुळं नाव ऐकलं असेल. तिचा नॉलेज को-क्रिएशन प्रोग्राम नावाचा कार्यक्रम आहे, त्यात वेगवेगळ्या देशांतल्या सरकारी आणि नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना जपानला बोलवून काही आठवडे ते काही महिने शिकवतात. विमान, राहणं, भत्ता सगळं त्यांच्याकडं. आपल्या खिशातून जातो तो फक्त बॅगेचा आणि स्वेटरचा खर्च. पण खरी मजा वेगळीच आहे. शिकवायला प्रोफेसर कमी, त्या त्या शहराच्या महापालिकेचे कर्मचारीच जास्त. म्हणजे पाणी शिकायचं तर किताक्यूशू शहराच्या पाणीपुरवठा खात्यातलाच माणूस समोर उभा असतो, ज्यानं स्वतः तीस वर्षं रस्ते खोदलेत. त्याला तुमचं दुखणं अर्ध्या वाक्यात कळतं. साहेब लोकांना प्रेझेंटेशन दाखवून परत पाठवण्यापेक्षा हे लई वेगळं आहे.

हे किताक्यूशू काय साधंसुधं गाव नाही. १९६३ ला पाच शहरं एकत्र करून बनवलं. १९०१ पासून तिथं यवाता स्टीलचा कारखाना, आणि साठच्या दशकात दोकाई नावाची खाडी इतकी घाण झाली होती की तिला मृत समुद्र म्हणायचे. वाळत घातलेले कपडे काळे पडायचे, मग तिथल्या बायकांनी मंडळं काढून धूळ मोजली, कारखान्यांच्या मागं लागल्या, आणि पुढं पालिका, कारखाने सगळ्यांना हलावं लागलं. जुनी मिल, नरसिंगगिरजी, लक्ष्मी-विष्णू ह्या कापड गिरण्या बघत मोठा झालेला सोलापूरकर तिथं गेला की त्याला परकं वाटत नाही, धुराड्याखाली वाढलेलं गाव ओळखू येतं. फक्त त्यांनी धुराड्यानंतर काय करायचं ते ठरवलं.

आता ट्रेनिंगमधला पहिलाच दिवस. प्रत्येकानं आपापल्या शहराचा रिपोर्ट मांडायचा असतो, तो घरूनच लिहून न्यायचा. तक्त्यात एक रकाना होता, रोज किती तास पाणी. कुणाचे अठरा, कुणाचे चोवीस, एका आफ्रिकन बाईंचे सहा, त्या जरा लाजल्या होत्या. माझी पाळी आली तर मी काय लिहू? मी तिथं तास खोडून दिवस लिहिलं. सोलापूर शहर काय आणि आमची छोटी गावं काय, चार-पाच दिवसाआड पाणी ही आपल्याकडं पिढ्यांची सवय, उजनी धरण भरलं तरी पाणी पाळीनंच. त्या बाई माझ्याकडं बघून एकदम खूश झाल्या.

शिकवणं कसं? रात्रीचं. एक लोखंडी काठी असते, वरच्या टोकाला कानाला लावायची चकती, खालचं टोक मीटरवर किंवा वॉलवर (पाणी सोडायचा-बंद करायचा व्हॉल्व्ह) टेकवायचं आणि ऐकायचं. गळती असेल तर सुंई असा बारीक आवाज येतो. दिवसा गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून रात्री. आमचे गुरुजी रिटायरमेंटला आलेले गृहस्थ, एक शब्द न बोलता प्रत्येक मीटरला काठी लावत जायचे, थांबले की आम्ही सगळे पाळीपाळीनं कान लावायचो. मशीन पण आहेत त्यांच्याकडं भारी भारी, पण नवीन पोराला आधी काठीच देतात. हे मला पटलं. आपल्याकडं पण जुने वॉलमन चावीला कान लावून सांगायचे की लाईनीत हवा आहे का पाणी, पण आपण त्याला कौशल्य म्हणत नाही, वर्ग चार म्हणतो.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्लॉक. सगळ्या शहराचं जाळं छोट्या छोट्या भागांत तोडायचं, प्रत्येक भागाला पाणी आत यायला एकच तोंड ठेवायचं, तिथं मीटर बसवायचा, आणि रात्री दोन ते चारमध्ये बघायचं किती पाणी जातंय. गाव झोपलेलं असतं, मग जे पाणी चाललंय ते बहुतेक गळतीच. एवढं सोपं आहे. मी हात वर केला आणि सांगितलं की आमच्याकडं रात्री लाईनच रिकामी असते. दुभाषी बाईंनी दोनदा विचारून घेतलं की मला हेच म्हणायचंय का. मग गुरुजींनी वही काढली आणि उलट मलाच विचारायला लागले. पाणी कधी सोडता, भरायला किती वेळ लागतो, शेवटच्या घरापर्यंत प्रेशर येतं का, लोक काय करतात. मी सांगितलं, लोक नळाला डायरेक्ट मोटार लावतात, बॅरल आणि हौद भरतात, नवीन पाणी आलं की शिळं ओतून देतात, आणि निम्म्या नळांना तोटीच नसते कारण चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याला तोटी कशाला लावायची. रिकामी लाईन बाहेरची घाण आत ओढते हे त्यांना पुस्तकातनं माहीत होतं, रोज ते सांभाळणारा माणूस पहिल्यांदा भेटला असावा.

इथं माझा मुख्य मुद्दा येतो. दोन पालिकांची माणसं एकमेकांकडं जाऊन राहिली की शिकणं एका बाजूनं होत नाही. चोवीस तास पाणी असलेल्या शहरातल्या तरुण इंजिनिअरला टंचाई सांभाळायची कधी वेळ आलेली नसते. आपला वॉलमन नकाशा नसताना डोक्यातल्या नकाशावर आख्खं गाव पाळीनं पाजतो. हे कागदावर कुणी लिहिलेलं नाही. मे महिन्यात एखादा जपानी ज्युनिअर इंजिनिअर सोलापुरात आणून वॉलमनबरोबर पहाटे फिरवा, तो काय काय लिहून नेईल बघा. पण हा भाग ह्या सर्व्हिसमध्ये मला मिळाला नाही, जाणं झालं, येणं झालं नाही, म्हणून एकूण रेटिंगमधला एक स्टार तिथंच कापला.

ह्यानं खरंच शहर बदलतं का, का नुसतं सर्टिफिकेट मिळतं, हे विचारणाऱ्यांसाठी कंबोडियाच्या फ्नोम पेन्हचं उदाहरण देतो, तिथं ते सारखं शिकवतात आणि शिकवावं असंच आहे. १९९३ ला त्या शहरात सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचे पैसे येत नव्हते, गळती, चोरी, बिलच नाही, सगळं मिळून. दिवसातून दहा तास पाणी, तेही थोड्याच लोकांना. युद्धानं पोखरलेला देश, नकाशे गेलेले, जाणती माणसं मारली गेलेली. १९९९ पासून किताक्यूशूनं आपल्या पाणी खात्यातली माणसं तिकडं पाठवायला सुरुवात केली, एकामागून एक, राहायला. त्यांनी तेच केलं, ब्लॉक पाडले, प्रत्येक ठिकाणचं प्रेशर आणि पाणी एका जागी बसून दिसेल अशी यंत्रणा बसवली, आणि तिथल्या पोरांना गळती शोधायला शिकवलं. पुढं ते ७२ टक्के दहाच्या खाली आले आणि पाणी चोवीस तास झालं.

पण फसू नका, सगळं श्रेय जपानी लोकांचं नाही आणि तेही तसं म्हणत नाहीत. तिथल्या पाणीपुरवठ्याच्या प्रमुखांचं नाव ‘एक सोन चान’, त्यांना २००६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी आधी घर साफ केलं, मीटर बसवले, आणि मोठ्या लोकांकडून, सरकारी खात्यांकडून, लष्करवाल्यांकडून बिलं वसूल केली. एका जनरलच्या घरी मीटर बसवायला गेले तर त्यानं पिस्तूल रोखलं होतं, असं ते मुलाखतीत सांगायचे. वर्ल्ड बँक, एडीबी म्हणजे आशियाई विकास बँक, फ्रेंच, सगळ्यांचे पैसे लागले. म्हणजे बाहेरून आलेला जोडीदार काठी देतो, कान आपलाच लागतो, आणि वरचा साहेब मागं उभा नसेल तर काठी पण कपाटात जाते.

जपानला ह्यात काय मिळतं? फुकट कोण कशाला करेल, ही सोलापुरी शंका मला पण होती. त्यांची लोकसंख्या कमी होत चाललीय, पाणी कमी खपतं, नवीन लाईनी टाकायचं काम उरलं नाही, मग तरुण कर्मचाऱ्यांना शिकायला मिळणार कुठं? शून्यापासून जाळं उभारायचा अनुभव बाहेरच. शिवाय २०१० ला किताक्यूशूनं तिथल्या कंपन्यांना घेऊन परदेशातल्या पाणी कामांसाठी एक संघटनाच काढली, आणि मैत्रीतून कामं मिळायला लागली. मला हे जास्त आवडलं खरं सांगायचं तर. दोघांचा फायदा असला की गोष्ट टिकते, नुसत्या उपकारावर चाललेली गोष्ट पुढच्या बजेटमध्ये बंद पडते.

कचऱ्याचं पण तसंच, इंडोनेशियाच्या सुराबायात ह्याच किताक्यूशूच्या मदतीनं ताकाकुरा नावाची टोपलीतल्या खताची पद्धत बसली, घरच्या घरी, गल्लीतल्या बायकांच्या मदतीनं. माझं खातं नाही ते, पुढं जातो.

आता तुलना, म्हणजे बाजारात दुसरं काय आहे. एक, अभ्यास दौरा. सात-आठ दिवस, तीन देश, बसमधून कचरा प्रकल्प, दुपारी मॉल. जाणारा नगरसेवक किंवा मोठा साहेब, येताना फोटो आणि पेढे. रेटिंग देत नाही. दोन, भगिनी शहरं, म्हणजे दोन देशांतल्या शहरांचा मैत्रीचा करार. मुंबईचं योकोहामाशी १९६५ पासून नातं आहे, पुण्याचं जर्मनीतल्या ब्रेमेनशी आहे, औंधात ब्रेमेन चौकच आहे, रिक्षावाल्याला विचारा. ही कल्पना वाईट नाही, चांगलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीतल्या बायकांनी आपल्या सह्या भरतकामात काढलेला एक टेबलक्लॉथ रशियातल्या स्टालिनग्राडला पाठवला होता, ८३० नावं, आणि मधोमध लिहिलेलं की मोठ्या सहानुभूतीपेक्षा छोटी मदत बरी. चादरी-टॉवेलच्या गावात राहणाऱ्याला ह्याचं मोल वेगळं सांगायला नको, ८३० नावं हातानं काढायला किती वेळ लागला असेल ते आपल्या कारखान्यातल्या माणसांना विचारा. तर ती भावना ठीक, पण करार झाल्यावर दोन्हीकडच्या महापौरांशिवाय कुणी जात-येत नसेल तर चौकाला नाव मिळतं, नळाला पाणी नाही.

राहण्याचा फरक बघायचा असेल तर लांब कशाला जायचं, भैया चौकाकडं डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. सोलापूरच्या किती जणांनी आतून बघितलंय देव जाणे, चीनहून पाहुणे येतात ते मात्र न चुकता जातात. १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक भारतातून चीनला गेलं, अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर १९१०. बाकीचे चौघं परत आले, त्यांचं काम काय कमी नव्हतं. कोटणीस राहिले. भाषा शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, बेथ्यून इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे पहिले संचालक झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. आज शिजियाझुआंगला त्यांचा पुतळा आहे. मी कुणाला तिकडं मरायला जा म्हणत नाही, पण भाषा येईपर्यंत राहिलेला माणूस आणि हार घालून परतलेला माणूस ह्यांच्यात काय फरक पडतो तो आपल्याच गावच्या पोरानं दाखवलाय आणि आपणच दौरे आठ दिवसांचे काढतो.

परत आल्यानंतरचं. ट्रेनिंगच्या शेवटी एक ॲक्शन प्लॅन लिहून द्यावा लागतो, परत जाऊन काय करणार. मोठमोठं लिहू नका असं ते स्वतःच सांगतात. मी लिहिलं, एक पेठ, एक टाकी, एक मीटर. आल्यावर मुख्याधिकारी साहेबांनी ऐकून घेतलं, चांगले होते, स्वतः येऊन उभे राहिले. आधी सगळ्या नळांना तोट्या बसवल्या, त्याला लोकांनी शिव्या दिल्या. मग पाणी सोडून, लाईन भरून, घराघरांत जाऊन सांगितलं की तासभर नळ बंद ठेवा, आणि मीटर बघत बसलो. काटा फिरतच होता. वॉलमन आणि मी काठी घेऊन निघालो. काठी म्हणजे इथल्या वेल्डरकडून करून घेतलेली, पण चालली. एका जुन्या सार्वजनिक नळाचं कनेक्शन रस्ता करताना वरून बुजवलं होतं, खालून सरळ गटारात पाणी चाललेलं, किती वर्षांपासून कुणाला माहीत. ते बंद केलं तर पेठेच्या शेवटच्या घरांना मोटारीशिवाय पाणी चढलं. एक म्हातारी घागर घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, आज काय सण हाय का.

मग काय झालं? साहेबांची बदली झाली. बदलीचा कायदाच आहे २००५ चा, साधारण तीन वर्षांनी माणूस हलवायचा, त्यामागं कारणं असतील. काही महिन्यांत माझी पण झाली, दुसऱ्या गावी, आणि तिथं मला पाणी सोडून बांधकाम परवानग्या दिल्या. जपान सरकारनं खर्च करून शिकवलेला गळतीचा कान दोन वर्षं घरांचे नकाशे बघत बसला. पेठेतल्या मीटरची काच फुटली ती कुणी बदलली नाही असं वॉलमननं फोनवर सांगितलं. दोन स्टार दिलेत ते ह्याला. ह्यात कुणा एका माणसाचा दोष काढता येत नाही, रचनाच अशी आहे की शिकलेला माणूस आणि शिकलेलं काम एकत्र राहत नाहीत. फ्नोम पेन्हचे ते प्रमुख जवळपास वीस वर्षं एकाच खुर्चीत होते हे इथं आठवतं.

तिकडच्या लोकांकडून एक गोष्ट मात्र राहिली. सोबतच्या त्या आफ्रिकन बाई अजून मेसेज करतात, त्यांच्याकडं तास वाढलेत. मध्ये पाईपच्या सांध्याचा फोटो पाठवून विचारत होत्या हे कशानं फुटत असेल. मी आमच्या वॉलमनला दाखवला, त्यानं एका मिनिटात सांगितलं, वॉल एकदम उघडतात, हळूहळू उघडायला सांगा, पाण्याचा दणका बसतोय. मी तसंच इंग्रजीत लिहून पाठवलं. वॉलमनचा पासपोर्ट नाही. निघायला पाहिजे.

जेवणाबद्दल, शाकाहारी असाल तर हाल होतात, माशाचं पाणी कशात नसतं तेच कळत नाही. शेंगा चटणी जास्त न्या, कारण बाकीचे देश पण खातात आणि दुसऱ्या आठवड्यात संपते. कडक भाकरी विमानात टिकते, तुकडे होतात पण टिकते.

कागदपत्रं. अर्ज स्वतः करता येत नाही, तुमच्या ऑफिसनं नाव पाठवावं लागतं, मग राज्य, मग दिल्लीचं अर्थ मंत्रालय, मग जायका. परिपत्रक आपल्यापर्यंत येईस्तोवर बऱ्याचदा तारीख जवळ आलेली असते, आणि नगरपालिकेत ते ज्या टेबलावर उतरतं तिथल्या माणसाला वाटतं हे साहेबांसाठीच असणार. बहुतेक कोर्सला वयाची अट असते आणि इंग्रजी लागतं, फाडफाड नको, पण आपलं काम समजावून सांगता आलं पाहिजे. प्रत्येक कोर्सचं एक माहितीपुस्तक असतं, त्यात कुणासाठी कोर्स आहे ते स्पष्ट लिहिलेलं असतं, ते प्रिंट काढून फाईलला लावा म्हणजे साहेबाला स्वतः जायचा मोह आवरतो.

आणि तुमच्या शहराचा उद्या परदेशी शहराशी करार झाला, कुठलंही शहर असो, तर वॉर्डातल्या नगरसेवकाला तीनच गोष्टी विचारा. पाणी खात्यातलं कोण जाणार, किती महिने राहणार, आणि आल्यावर किती वर्षं त्याच टेबलावर ठेवणार. तिकडून इकडं कोण येणार हे पण विचारा, म्हणजे चार झाल्या.